गालातली सुपारी आणि पेशींची तडजोड

दावत संपली की पानदान फिरते. आमच्या अंधेरीत टपऱ्यांवर सकाळपासून सुपारीच्या पुड्या लटकलेल्या असतात. "यात तंबाखू कुठे आहे?" असे मुले विचारतात. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. साधी सुपारी मात्र घराघरांत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात तंबाखूविना सुपारीही कर्करोगकारक ठरवली.

हे घडते कसे? गालाचे आतले अस्तर नाजूक असते. रोज त्रास झाला की त्यातल्या पेशी तग धरण्यासाठी स्वतःला बदलतात. हाताला घट्टे पडावेत तसे अस्तर जाड होते. पुसून न जाणारा पांढरा चट्टा दिसतो. सुपारीमुळे अस्तराखाली कडक तंतू साठतात आणि तोंड कमी उघडू लागते. इथपर्यंत ही तडजोड आहे. पण झीज भरून काढायला पेशी पुन्हा पुन्हा विभागतात आणि दर वेळी जनुकांची नक्कल करताना चूक होऊ शकते. वाढीला लगाम घालणारी जनुकेच बिघडली की पेशी थांबत नाहीत. हाच कर्करोग.

अशा पेशींची भूकही वेगळी. निरोगी पेशी ऑक्सिजनच्या मदतीने साखरेच्या एका रेणूपासून एटीपी या ऊर्जारेणूचे सुमारे ३० रेणू मिळवते. अनेक कर्करोगपेशी ऑक्सिजन असूनही घाईचा मार्ग धरतात. त्यात दोनच मिळतात, म्हणून त्या साखर भराभर ओढतात. जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनी हे १९२० च्या दशकात दाखवले. पेट स्कॅनमध्ये गाठ दिसते ती याच खुणेमुळे. म्हणून गोड सोडले की गाठ उपाशी मरते, असे मात्र नाही. शरीर स्वतःही साखर तयार करते. असल्या सल्ल्यापायी उपचार टाळू नयेत.

घरात सुपारी खाणारे कोणी असेल तर त्यांना आरशासमोर उभे करा. स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये मावतात का, पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, दोन-तीन आठवड्यांत न भरलेले तोंडातले फोड आहेत का, ते पाहा. यांपैकी काहीही आढळले तर दंतवैद्यांना किंवा डॉक्टरांना दाखवा. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून मुंबईत आहे. तिथे उशिरा पोहोचू नये, एवढेच आपल्या हाती.

रमजानमध्ये सहरीपासून इफ्तारपर्यंत सुपारीविना राहणाऱ्याला ती सोडणे अशक्य नाही. इफ्तारनंतर पुडी उघडली नाही, की सुरुवात झाली.