रायतूर : स्थलदर्शन आणि ग्रंथसाक्ष

गोव्यातील ख्रिस्ती इतिहासाची स्थळे पाहू जाणारा अभ्यासक बहुधा जुन्या गोव्यातील भव्य चर्चांपाशीच थांबतो. मराठी वाङ्मयाच्या दृष्टीने मात्र सासष्टीतील रायतूर, म्हणजेच राशोल, हे अधिक महत्त्वाचे स्थळ होय. १५७९ मध्ये गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक फादर टॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये येथेच प्रथम मुद्रित झाले. भाषा मराठी, रचना ओवीबद्ध, लिपी मात्र रोमन. कारण नागरी खिळे तेव्हा उपलब्ध नव्हते. त्यांचे कोकणी व्याकरणही त्यांच्या निधनानंतर, १६४० मध्ये, येथेच छापले गेले.

आज रायतूरचे चर्च व धर्मविद्यालय उभे आहे. परंतु ‘क्रिस्तपुराणा’च्या १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत ज्ञात नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने देशी भाषांच्या वापरावर बंदी घातली, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून. १९०७ ची सालढाणा यांची आवृत्ती मंगळूर येथे निघाली, तर एक नागरी हस्तलिखित लंडनमध्ये आहे.

यावरून स्थलदर्शनाची मर्यादा स्पष्ट होते. वास्तू टिकली म्हणजे तेथील वाङ्मयीन परंपराही टिकली, असे अनुमान करता येत नाही. जेथे ग्रंथ जन्मला तेथे तो नाही, आणि जेथे तो जपला गेला तेथे त्याची जन्मवास्तू नाही. म्हणून रायतूर पाहणाऱ्याने मंगळूर व लंडन येथील साक्षही जमेस धरणे अगत्याचे आहे.