संस्कृतीचे माप

आधुनिक जगावर सर्वाधिक प्रभाव कोणत्या प्राचीन संस्कृतीचा, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. पुण्याच्या मार्केट यार्डात शेतकऱ्याच्या हाती पडणारी हिशोबपट्टी पाहिली की, उत्तर कोणा एकीच्या नावावर लिहिता येत नाही. तिचा कागद चीनची देणगी. तिच्यावरील दशमान अंकपद्धती भारताची; ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये शून्याचे नियम मांडले, नवव्या शतकात बगदादच्या अल्-ख्वारिझ्मीने ही पद्धती अरबीत विशद केली आणि १२०२ मध्ये पिसाच्या फिबोनाचीने ती युरोपास समजावून दिली.

तारीख नोंदलेले सर्वांत जुने उपलब्ध मुद्रित पुस्तक म्हणजे चीनमधील ८६८ सालचे वज्रच्छेदिका सूत्र. सर्वांना विनामूल्य वाटण्यासाठी ते छापल्याची नोंद त्यावरच आहे. याउलट, ज्या भूमीने जगाला अंक दिले, तिनेच आपल्या शूद्रातिशूद्रांना व स्त्रियांना विद्या नाकारली. १८४८ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी याच पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा ती कोंडी फुटू लागली.

ज्याला आपली पट्टी स्वतः वाचता येते, त्याला फसविणे कठीण. म्हणून संस्कृतीने काय शोधले यापेक्षा ते किती जणांच्या हाती दिले, यावरून तिचे मोठेपण मोजावे, असे आम्ही मानतो.