चलन मंडळ आणि संकटकाळातील स्थैर्य

‘करन्सी बोर्ड’ अर्थात चलन मंडळ या व्यवस्थेत देशाचे चलन एखाद्या परकीय चलनाशी कायद्याने ठरलेल्या दराने जोडले जाते आणि गंगाजळीत (परकीय चलनाच्या साठ्यात) तेवढी भर पडली, तरच नवे चलन काढता येते. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर जितके जोड जमा झाले तितकेच बिल्ले दिले जातात, तसाच हा हिशेब असतो.

अशा देशावर आर्थिक संकट येत नाही, हा समज मात्र अपुरा आहे. कारण गंगाजळीची ही हमी मंडळाने काढलेल्या चलनापुरती असते, बँकांतील सर्व ठेवींना ती लागू नसते. अर्जेंटिनाने १९९१ मध्ये अशाच धर्तीची व्यवस्था स्वीकारून पुढे एक पेसो म्हणजे एक डॉलर हा दर ठेवला आणि भडकलेली महागाई आटोक्यात आणली. परंतु १९९९ मध्ये शेजारच्या ब्राझीलच्या चलनाची किंमत कोसळली, तेव्हा अर्जेंटिनाला अवमूल्यन (चलनाचा अधिकृत दर घटवणे) करता येईना, त्यामुळे निर्यात महाग ठरून मंदीचा भार रोजगार आणि वेतनावर पडला. डिसेंबर २००१ मध्ये खात्यातून आठवड्याला २५० पेसोच काढण्याची मर्यादा आली आणि जानेवारी २००२ मध्ये ही जोडणी मोडली.

याउलट हाँगकाँगने १९९७-९८ मध्ये कडाडलेले व्याजदर सोसून, भक्कम गंगाजळीच्या बळावर, १९८३ पासूनचा दर टिकवला. तात्पर्य, चलन मंडळ विनिमय दराला स्थैर्य देते. बँका आणि सरकारी तिजोरी सुदृढ ठेवण्याचे काम वेगळे असून ते सरकारलाच करावे लागते.