मध्यमवयातील श्रवणदोष आणि श्रवणयंत्राचा निर्णय

मराठीत वाचनाच्या चष्म्याला ‘चाळिशी’ म्हणतात. वयाच्या चाळिसाव्या वर्षानंतर दृष्टीत फरक पडतो ही गोष्ट समाजाने इतक्या सहजपणे स्वीकारली आहे की, त्या वयाचेच नाव चष्म्याला मिळाले. कानांच्या वाट्याला असा सहज स्वीकार आलेला नाही. चष्मा लावणारा मनुष्य सुशिक्षित दिसतो, आणि कानात यंत्र घालणारा म्हातारा झाला असे मानले जाते. या समजुतीमुळे अनेक कर्ती माणसे ऐकू कमी येत असूनही वर्षानुवर्षे तपासणी टाळतात. या विलंबाची किंमत व्यवसाय, नोकरी व कुटुंब या तिन्ही ठिकाणी द्यावी लागते. म्हणून श्रवणयंत्राचा, म्हणजेच लोक ज्याला ‘कानाचे मशीन’ म्हणतात त्याचा विचार केव्हा करावा, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

बाजारातील पहिली खूण

बेळगावच्या खडेबाजारात दिवसभर गिऱ्हाईक करणाऱ्या एखाद्या दुकानदाराचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक ठरेल. रस्त्यावर वाहनांचे भोंगे अखंड चालू असतात. खानापूर-चंदगडकडील गिऱ्हाईक मराठीत बोलते, बैलहोंगल-गोकाककडील गिऱ्हाईक कन्नडमध्ये भाव विचारते. पन्नाशीच्या सुमारास अशा दुकानदाराला आवाज ऐकू येतो, परंतु शब्द नीट उमगत नाही. ‘सात’ म्हटले की ‘साठ’, ‘वीस’ म्हटले की ‘तीस’, असा संशय पडू लागतो. कन्नडमध्ये ‘मूरु’ म्हणजे तीन आणि ‘नूरु’ म्हणजे शंभर. एका अक्षराच्या फरकाने व्यवहारात केवढी गफलत होऊ शकते, हे सांगावयास नको.

घरी निवांतपणी मात्र याच गृहस्थांना बोलणे बऱ्यापैकी ऐकू येते. त्यामुळे ते दोष गर्दीला किंवा समोरच्याच्या पुटपुटण्याला देतात. वस्तुतः गोंगाटात शब्द न कळणे ही श्रवणदोषाची अगदी आरंभीची खूण होय. स्वर जोरकस व खालच्या पट्टीतील असतात, तर स, श, त, थ यांसारखी व्यंजने क्षीण व उंच पट्टीतील असतात. वाढत्या वयात प्रथम उंच पट्टीतील ध्वनी हरवतात. म्हणून आवाज पोहोचतो, पण अर्थ निसटतो.

मातृभाषेत हरवलेले अक्षर मन अंदाजाने भरून काढते. दुसऱ्या भाषेत हा अंदाज तितका चालत नाही. साहजिकच सीमाभागातील मराठी भाषकाला ही अडचण प्रथम कन्नड संभाषणात, तर कन्नड भाषकाला मराठी संभाषणात जाणवण्याचा संभव अधिक असतो. उत्तर न मिळालेल्या गिऱ्हाइकाला आपल्या भाषेचा अनादर झाला असे वाटू शकते, आणि कानाच्या दोषाचे खापर स्वभावावर फुटते.

श्रवणशक्ती का मंदावते?

अंतर्कर्णात शंखाच्या आकाराची एक नलिका असते. तिच्यातील सूक्ष्म केसपेशी ध्वनिकंपनांचे रूपांतर मज्जातंतूंच्या संदेशांत करतात. प्रत्येक कानात या पेशींची संख्या जन्मतः सुमारे १५,००० असते. एकदा नष्ट झालेली पेशी मनुष्याच्या बाबतीत पुन्हा निर्माण होत नाही.

वयोमानाखेरीज सततचा मोठा आवाज हे या हानीचे प्रमुख कारण आहे. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला ८ तास ही साधारणतः सुरक्षिततेची मर्यादा मानली जाते. आवाज ३ डेसिबलने वाढला की त्याची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून ८८ डेसिबलला ही मर्यादा ४ तासांवर येते. शहापूर-वडगाव भागातील यंत्रमागांवर किंवा उद्यमबागेतील फौंड्रीत ज्यांची हयात गेली, त्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. मिरवणुकीतील डॉल्बीसमोर घालविलेले तासही कान विसरत नाहीत. याशिवाय मधुमेह, कान वाहण्याचा जुना विकार आणि स्ट्रेप्टोमायसीनसारखी काही औषधे यांमुळेही श्रवणशक्ती कमी होऊ शकते.

प्रथम तपासणी, नंतर यंत्र

ऐकू कमी येणाऱ्या प्रत्येकाला यंत्र लागतेच असे नाही. कानात साचलेला मळ, पडद्याला पडलेले छिद्र किंवा मध्यकर्णातील दोष यांवर औषधोपचार अथवा शस्त्रक्रिया होऊ शकते. म्हणून प्रथम कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. गरम तेल ओतणे, आगकाडी किंवा केसांचा आकडा घालणे असे घरगुती उपाय कटाक्षाने टाळावेत.

ऐकू येणे एकाएकी, म्हणजे दोन-तीन दिवसांत कमी झाल्यास ती तातडीची बाब समजावी. अशा वेळी आरंभीच्या दिवसांत उपचार मिळाल्यास श्रवणशक्ती परत येण्याची शक्यता अधिक असते. एकाच कानाने कमी ऐकू येणे, कानात सतत गुंजारव होणे किंवा भोवळ येणे, या लक्षणांतही डॉक्टरांचा सल्ला लांबणीवर टाकू नये.

त्यानंतर श्रवणमापन होते. बंद खोलीत निरनिराळ्या पट्ट्यांतील ध्वनी ऐकवून प्रत्येक कानाला ऐकू येणारा सर्वांत क्षीण आवाज नोंदला जातो. ही तपासणी वेदनारहित असते. जिल्हा रुग्णालये व शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील कान-नाक-घसा विभागात याबाबत विचारणा करावी. बेळगाव परिसरातील लोकांना बेळगावचे जिल्हा रुग्णालय, तर निपाणीकडील लोकांना कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयही जाण्यायेण्यास सोयीचे आहे.

निर्णय केव्हा घ्यावा?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणानुसार चांगल्या कानाची सरासरी २० डेसिबलच्या आत असल्यास श्रवण सामान्य समजले जाते. २० ते ३५ डेसिबल हा सौम्य दोष होय. यात शांततेत अडचण येत नाही, गोंगाटात येते. ३५ ते ५० डेसिबल हा मध्यम दोष असून त्यात शांत जागेतील साधे संभाषणही अवघड होऊ शकते.

तथापि केवळ आकड्यावरून निर्णय घेणे पुरेसे नाही. मागील बाकावरील विद्यार्थ्याचे उत्तर शिक्षकाला कळते काय? बैठकीतील व दूरध्वनीवरील बोलणे कर्मचाऱ्याला एकदाच ऐकून समजते काय? ग्रामसभेत मागे बसलेल्याचा प्रश्न सदस्याला ऐकू येतो काय? घरातील मंडळी दूरदर्शनचा आवाज कमी करा असे वारंवार सांगतात काय? या प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे द्यावीत, आणि घरच्यांनाही विचारावीत. कारण ऐकू न आलेली गोष्ट आपल्याला ऐकू आली नाही हे त्या व्यक्तीला कळतच नाही.

सौम्य दोष असून कामात अडथळा नसेल, तर दरवर्षी तपासणी करीत राहावे. सौम्य दोष असूनही काम माणसांशी सतत बोलण्याचे असेल, तर यंत्र वापरून पाहणे इष्ट. मध्यम किंवा त्याहून अधिक दोष असल्यास थांबण्यात लाभ नाही.

थांबण्यातील तोटा केवळ गैरसोयीचा नाही. ऐकण्याचे श्रम टाळण्यासाठी मनुष्य हळूहळू माणसांतून उठतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०१७ पासूनच्या अहवालांत मध्यमवयातील श्रवणदोषाचा समावेश स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत केला आहे. यंत्रामुळे स्मृतिभ्रंश टळतोच, असे मात्र म्हणता येणार नाही. अमेरिकेत ७० ते ८४ वर्षे वयाच्या ९७७ व्यक्तींवर झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या तीन वर्षांच्या अभ्यासात सर्वांचा एकत्रित विचार करता फरक दिसला नाही. परंतु ज्यांना धोका अधिक होता त्या गटात बौद्धिक ऱ्हासाचा वेग जवळपास निम्म्याने कमी आढळला.

प्रमाणपत्राची अट व प्रत्यक्ष गरज

‘सरकारी प्रमाणपत्र मिळत नाही, म्हणजे यंत्राची गरज नाही’, असा एक गैरसमज आढळतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल श्रवणहानी असलेल्या व्यक्तीस ‘ऐकू कमी येणारी’, तर ७० डेसिबल हानी असलेल्या व्यक्तीस ‘बधिर’ समजले जाते. ही मर्यादा सवलतींसाठी ठरविलेली आहे. यंत्राचा उपयोग त्याच्या पुष्कळ आधीपासून होतो. ४५ डेसिबल हानी असलेल्या शिक्षकाला प्रमाणपत्र मिळणार नाही, तथापि यंत्राची गरज त्याला निश्चितच असू शकते.

ज्यांची हानी अधिक व उत्पन्न कमी आहे, त्यांना केंद्र शासनाच्या १९८१ पासून चालत आलेल्या सहायक उपकरण योजनेखाली श्रवणयंत्र मिळू शकते. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. या क्षेत्रातील राष्ट्रीय संस्थांपैकी म्हैसूरची अखिल भारतीय वाक्‌श्रवण संस्था १९६५ साली, तर मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ साली स्थापन झाली.

यंत्राकडून काय अपेक्षावे?

श्रवणयंत्र तरुणपणीचा कान परत देत नाही. पहिल्या आठवड्यांत पंख्याची घरघर, भांड्यांचा आवाज, स्वतःचे बोलणे हे सर्व कर्कश वाटते. मेंदूला या विसरलेल्या ध्वनींची पुन्हा सवय व्हावी लागते, व त्यास काही आठवडे ते काही महिने लागतात. म्हणून यंत्र रोज वापरावे, प्रारंभी शांत जागी व पुढे बाजारात. अडचणी टिपून ठेवून श्रवणतज्ज्ञाकडून यंत्र पुन्हा जुळवून घ्यावे. पेटीत ठेवलेले यंत्र निरुपयोगी ठरले, असे म्हणण्यात अर्थ नाही.

दोष दोन्ही कानांत असल्यास दोन यंत्रांनी आवाजाची दिशा व गोंगाटातील बोलणे अधिक चांगले कळते. तपासणीवाचून घेतलेले स्वस्त ध्वनिवर्धक सर्वच आवाज सरसकट मोठे करते व उरलेल्या श्रवणशक्तीस अपाय करू शकते. बेळगावसारख्या भरपूर पावसाच्या भागात यंत्र रात्री कोरड्या डबीत, ओलावा शोषणाऱ्या पुडीसह ठेवावे. खरेदीपूर्वी काही दिवस वापरून पाहण्याची सोय, दुरुस्तीचे ठिकाण व सेल किंवा चार्जिंगचा खर्च यांची चौकशी करावी.

या कामी कुटुंबीयांचाही वाटा मोठा आहे. समोर येऊन, चेहरा दिसेल अशा रीतीने व किंचित सावकाश बोलल्यास यंत्राचा उपयोग वाढतो. ओरडण्याने शब्द विकृत होतात. चाळिशी डोळ्यांवर येते तेव्हा कोणी हसत नाही. पन्नाशीत कानाला आधार घेणाऱ्यासही तोच मान मिळाला, तर अनेक कर्ती माणसे आपल्या कामात व आपल्या माणसांत अधिक काळ टिकून राहतील.