विंचवाचा उतारा कुठे सापडला?

महाराष्ट्रातल्या वैद्यकीय संशोधनाचा आढावा म्हटला की गाडी हाफकिनपासून सुटते. मुंबईचा १८९६ चा प्लेग, जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी स्वतःलाच टोचून घेतलेली लस, परळची प्रयोगशाळा. मग १९५२ चा 'बॉम्बे' रक्तगट आणि त्याच वर्षी पुण्यात निघालेलं विषाणू केंद्र. हे सगळं थोरच, पण दर आढाव्यात तेच वाचून एक समज घट्ट झाला आहे, की आजाराचं कारण प्रयोगशाळेत सापडतं आणि दवाखान्याने ते फक्त वापरायचं. तो किती लंगडा आहे, हे कोकणातल्या लाल विंचवाने दाखवून दिलं.

विंचू चावून माणूस दगावला की विषबाधा म्हणायचं आणि मोकळं व्हायचं, असा शिरस्ता होता. १९७६ साली महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्रश्न बदलला: माणूस मरतो तो नेमका कशाने? रुग्णापाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास टिपत गेल्यावर क्रम दिसू लागला. आधी उलट्या आणि दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब. आणि काही तासांत फुप्फुसात पाणी होऊन तोंडाला गुलाबी फेस. विषामुळे शरीर स्वतःचीच अ‍ॅड्रिनलिनसारखी रसायनं बेसुमार सोडतं, रक्तवाहिन्या आवळतात आणि त्या दाबाशी झुंजताना हृदय थकतं. धोक्याची ही पूर्वचिन्हं १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. कारण इतकं उकललं की उपायाची दिशाही ठरते: वाहिन्या सैल करा. रक्तदाबावरची प्राझोसिनची स्वस्त गोळी तेच करते. ती खेड्यातही देता येते. रुग्णाला एकदम उठून उभं राहू मात्र द्यायचं नाही, पहिल्या गोळीने रक्तदाब झपकन उतरू शकतो. गार पावलं पुन्हा उबदार लागू लागली की औषध लागू पडतंय हे हाताला कळतं.

यावर काही विद्वानांचा आक्षेप ठरलेला: तुलनेला दुसरा गट नव्हता, तेव्हा हे निरीक्षण, शास्त्र नव्हे. आक्षेप पोकळ नाही. सौम्य दंशाचे रुग्ण औषधाविनाही बरे होतात, आणि नुसत्या अनुभवावर चाललेले घातक उपचार वैद्यकाने पुष्कळ पाहिलेत. याच दंशावर अ‍ॅट्रोपिन दिलं जाई, जे आधीच धावणाऱ्या हृदयाला आणखी पळवी. पण ही मंडळी पुढचं पान उलटत नाहीत. २०११ साली 'बीएमजे'त बावस्करांचीच चाचणी आली. ७० रुग्णांपैकी निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना जोडीला विंचवाचं प्रतिविष. कोणाला काय, हे डॉक्टरच्या मर्जीवर नव्हतं. प्रतिविष मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत सावरले, नुसत्या गोळीवरचे फक्त ८. ज्या गोळीने नाव मिळवून दिलं, तिची मर्यादा त्यांनीच मोजून मांडली. शास्त्र याहून वेगळं काय असतं?

विंचवाचं सोपं, एक दंश आणि एक परिणाम, असंही म्हटलं जातं. मग गडचिरोली घ्या. तिथे डॉक्टर बंग दांपत्याने गावातल्याच बायकांना नवजात बाळाचं वजन करायला, श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवलं. ३९ गावांत हे काम चाललं, तुलनेला ४७ गावं होती, आणि हजारी ६२ असलेला नवजात-मृत्युदर १९९७-९८ पर्यंत २५.५ वर आला. गरिबी, कुपोषण, अंतर, सगळं तिथे होतंच.

आज शोधनिबंधांचे ढीग वाढलेत, कारण बढतीला ते लागतात. प्रश्न मात्र छापील प्रश्नावलीतून येतात, खाटेवरून नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात धाडण्याची सोय आता झाली आहे. पण तोवर प्रबंधाचा विषय कॉलेजात बसून मंजूर झालेला असतो.