दोनशे वर्षांची रांग

‘यायचंच असेल तर रीतसर रांगेत उभं राहून यावं,’ असं ऑस्ट्रेलियापासून ब्रिटनपर्यंतचे पुढारी निर्वासितांना सुनावत असतात. ऐकणाऱ्यालाही ते रास्त वाटतं. तेव्हा ही रांग एकदा मोजूनच पाहू. 2023 च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या कक्षेत 3 कोटी 16 लाख निर्वासित होते. त्या अख्ख्या वर्षात जगातल्या सगळ्या देशांनी मिळून त्यांच्यातले किती जण निवडून आपल्याकडे वसवून घेतले? 1,58,700. भागाकार केला की उत्तर येतं 199 वर्षं. म्हणजे 2023 साली ज्याचा नंबर लागला त्याने 1824 मध्ये, पेशवाई बुडून जेमतेम सहा वर्षं झाली होती तेव्हा, रांग धरायला हवी होती. तीही मधल्या काळात जगात एकही नवी लढाई पेटली नसती तर!

‘सगळं जग श्रीमंत देशांवर चालून येतंय’ ही दुसरी समजूत. 2024 च्या अखेरीस छळामुळे, युद्धामुळे घरदार सोडावं लागलेली माणसं होती 12 कोटी 32 लाख. 2011 च्या जनगणनेतल्या अख्ख्या महाराष्ट्रापेक्षा कोटभर जास्त. पैकी 7 कोटी 35 लाख स्वतःच्या देशाची हद्दसुद्धा ओलांडू शकलेले नाहीत. ज्यांनी ओलांडली त्यांच्यातले दोन तृतीयांश शेजारच्याच देशात अडकून आहेत, आणि शेजारी बहुधा त्यांच्यासारखाच गरीब. लेबनॉन हा देश आपल्या सोलापूर जिल्ह्याहूनही लहान. 2014-15 च्या सुमारास तिथे नोंद झालेले सीरियन निर्वासितच 11 लाखांवर होते. देशात राहणाऱ्या दर चार-पाच माणसांमागे एक! तेवढ्याच प्रमाणात लोक येऊन थडकले तर मुंबईचं काय होईल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

पण मोठ्या आकड्यांपेक्षा मला एका लहान आकड्याने जास्त चकित केलं. आश्रयाचा अर्ज तपासताना कोट्यवधींचा काही उपयोग नसतो. टेबलापलीकडे एकच माणूस बसलेला असतो. 1951 च्या जिनिव्हा करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत या पाचांपैकी एखाद्या कारणाने आपला छळ होईल, अशी साधार भीती त्याने दाखवायची. गरिबी या यादीत नाही. ‘आमच्याकडे युद्ध चालू आहे’ एवढं म्हणणंही पुरत नाही. मग साधार म्हणजे किती? निकाराग्वातून आलेल्या एका स्त्रीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1987 साली याचं उत्तर दिलं: दहात एक शक्यतासुद्धा पुरेशी ठरू शकते. परतल्यावर काहीच होणार नाही याची शक्यता नव्वद टक्के असली, तरी भीती खरी. मला हे अगदी व्यवहारी वाटतं. दहातलं एक विमान पडतं असं कळलं, तर तिकीट कोण काढेल?

बनावट पासपोर्टवर किंवा विनापरवाना आला म्हणजे लबाडच, असंही आपण धरून चालतो. पण ज्याच्या जिवावर सरकारच उठलंय त्याने त्याच सरकारकडे पासपोर्ट मागायला जावं कसं? करार करणाऱ्यांना हे ठाऊक होतं. धोक्याच्या जागेहून थेट आलेला माणूस लगेच अधिकाऱ्यांपुढे हजर झाला, तर बेकायदा प्रवेशासाठी त्याला शिक्षा करू नये, असं कलम 31 सांगतं. 2022 मध्ये ब्रिटनने पहिल्याच टप्प्यावर निकाल दिलेल्या अर्जांपैकी 76 टक्के मंजूर केले. नाकारलेल्यांतलेही बरेच जण पुढे अपिलात जिंकतात.

मात्र निकाल लागायला हवा. 2024 संपताना अमेरिकेच्या इमिग्रेशन कोर्टांत सुमारे 37 लाख प्रकरणं पडून होती, आणि न्यायाधीश सातशेच्या आसपास. प्रत्येकाच्या वाट्याला पाच हजारांवर फायली. कामाच्या दर दिवशी एक निकाली काढली, तरी वीस वर्षं जातील. त्यात सगळीच प्रकरणं आश्रयाची नाहीत, हे खरं. पण वकील परवडत नसेल तर सरकार देत नाही, हेही खरं.

ब्रिटनने झटपट तोड काढली होती: आलेल्यांना रवांडाला धाडायचं. 2024 च्या जुलैत नव्या सरकारने हिशोब मांडला, तेव्हा खर्च निघाला 70 कोटी पौंड. गेले किती? चार, तेही आपखुशीने. माणशी साडेसतरा कोटी पौंड. रुपयांत 1,800 कोटींच्या वर. यापेक्षा महागडा प्रवास मला तरी माहीत नाही.

आता आपलं पाहू. 1971 मध्ये मार्च ते डिसेंबर एवढ्या काळात पूर्व पाकिस्तानातून सुमारे 1 कोटी माणसं भारतात आली. त्रिपुराची लोकसंख्या होती साडेपंधरा लाख, आणि तिथे आलेले निर्वासित जवळपास 14 लाख. एकेकाची मुलाखत घेत बसणं शक्यच नव्हतं. नोंद करायची आणि शिधा द्यायचा. टपालावर 5 पैशांचं जादा तिकीट सक्तीने लावावं लागे, ते याच खर्चासाठी. जुनी पत्रं जपणाऱ्या घरांत ते अजून सापडेल. बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर काही महिन्यांत बहुतेक जण परतले. 1951 च्या करारावर भारताने तेव्हा सही केलेली नव्हती. आजही केलेली नाही, आणि निर्वासित कोणाला म्हणायचं हे ठरवणारा स्वतंत्र कायदाही आपल्याकडे नाही.