‘एक टनाचा उंदीर’: कवटीवरून वजन कसं काढतात?

‘एक टन वजनाचा उंदीर’ असं शीर्षक तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. आज त्यातल्या ‘एक टन’बद्दल बोलू. संशोधनाला आल्यावर असे आकडे रोज समोर येतात.

प्राणी आहे जोसेफोआर्टिगेशिया मोनेसी, नामशेष झालेला महाकाय कृंतक. त्याची कवटी १९८७ साली दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वेत सापडली. २००८ मध्ये रिंडरक्नेख्त आणि ब्लँको यांनी तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. लांबी ५३ सेंटिमीटर, म्हणजे हातभराहून जास्त.

आधी हा कोणाच्या जातकुळीतला ते पाहू. त्यासाठी उरुग्वेला जायची गरज नाही, आपल्या मेळघाटातली सायाळ पुरे. कृंतकांच्या कवटीत डोळ्याच्या खोबणीपुढे एक छिद्र असतं, इन्फ्राऑर्बिटल फोरामेन. शेकरूत ते बारीक असतं, उंदरात मध्यम आणि सायाळीत चांगलंच मोठं. कारण सायाळीत मॅसेटर या चावण्याच्या स्नायूचा आतला भाग त्यातून पुढे येऊन नाकाडाच्या हाडाला चिकटतो. या रचनेला हिस्ट्रिकोमॉर्फ म्हणतात आणि आपला महाकाय त्याच रचनेचा. एखाद्या संग्रहालयात उंदीर आणि सायाळ यांच्या कवट्या शेजारी दिसल्या, तर हे छिद्र आधी बघा. (जंगलातून मात्र हाडं उचलून आणू नका, परवानगी लागते.)

आता वजन. पद्धत साधी आहे: आज जिवंत असलेल्या कृंतकांची कवटी आणि वजन यांचा आलेख काढायचा, रेषा जुळवायची आणि जीवाश्माचं माप त्यात टाकायचं. पण आजचा सगळ्यात मोठा कृंतक कॅपिबारा, साधारण ५०-६० किलोचा. रेषा तिथेच संपते. पुढचं सगळं ताणलेलं. दोन एकराच्या पऱ्हाटीवरून दोनशे एकराचा उतारा सांगावा, तसं.

म्हणूनच २००८ च्या त्या पेपरात सरासरी साधारण १००० किलो असली, तरी मर्यादा ४६८ ते २५८६ किलो अशी दिली होती. शीर्षकांनी फक्त सरासरी उचलली. २०२२ मध्ये रसेल एंगेलमन यांनी वेगळं माप घेतलं: कवटी मानेच्या पहिल्या मणक्यावर जिथे टेकते, त्या दोन उंचवट्यांची (ऑक्सिपिटल कॉन्डाइल) रुंदी. खाण्याच्या सवयीप्रमाणे तोंड लांब-आखूड होतं, दात-जबडे बदलतात, पण मानेच्या या सांध्याचं माप शरीराच्या आकाराशी जास्त घट्ट बांधलेलं असतं. उत्तर आलं सुमारे ४८० किलो. कवटी तीच, वजन निम्म्यावर!

तरीही हा आजवर माहीत असलेल्या सर्वांत मोठ्या कृंतकांपैकीच एक. फक्त बैलाशी तुलना करताना जरा थांबायला हवं.

पेपर वाचताना आकड्याआधी तीन गोष्टी शोधा: माप कोणत्या हाडाचं, तुलना कोणत्या प्राण्यांशी आणि अंदाजाची मर्यादा किती. मुलाखतीत ‘या आकड्यावर विश्वास का ठेवायचा?’ असं विचारलं, तर उत्तर याच तिघांत आहे.